ग्लासातच द्यायचं, बाटलीत नाही: घरच्या फळांच्या पेयाची नोंदणी आणि पहिला उन्हाळा

घरी मिक्सरला कलिंगड फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही. तेच कलिंगड शेजाऱ्यांना चाळीस रुपये ग्लासने द्यायचं म्हटलं, की अन्न व औषध प्रशासन, सोसायटीची कमिटी, पाण्याचा रिपोर्ट, लाइट बिल अशी रांगच समोर उभी राहते. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये मी या सगळ्यातून गेले. नेटवर शोधलं तेव्हा एजंटांच्या जाहिराती ढिगाने सापडल्या, पण प्रत्यक्षात काय काय होतं हे कुणी नीट लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही पुण्यात हडपसर भागात राहतो. फेब्रुवारीत सोसायटीच्या क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा मी कलिंगड-पुदिना आणि पेरूचं तिखट-मीठ घातलेलं पेय केलं होतं. दोन्ही पातेली बघता बघता संपली. मग ८ मार्चला, महाशिवरात्रीच्या सुट्टीला, कमिटीची बैठक होती तिथे सेक्रेटरी काकांनीच विषय काढला. "उन्हाळाभर शनिवार-रविवार संध्याकाळी क्लबहाउससमोर टेबल लावा की. पण उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर आम्हाला उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे आधी कागद दाखवा." कमिटीने तीन अटी घातल्या: एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, पाण्याचा तपासणी अहवाल, आणि कचरा माझा मी उचलायचा.

दुसऱ्याच दिवशी चौकातल्या एका एजंटकडे चौकशी केली. अडीच हजार म्हणाला. "मॅडम, तुम्ही काही बघू नका, फक्त आधार आणि फोटो पाठवा." घरी येऊन एफएसएसएआयचं पोर्टल उघडलं तर सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये! तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या छोट्या व्यावसायिकाला परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरायची. ती एक ते पाच वर्षांची घेता यायची. शंभराच्या कामाला अडीच हजार मोजायला मन तयार होईना. ज्यांना कॉम्प्युटरची अजिबात सवय नाही त्यांनी एजंट गाठायला माझी हरकत नाही, फक्त शुल्क आणि त्याची मजुरी वेगवेगळी लिहून मागा. आणि अर्जात मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचाच द्या. पुढचे सगळे निरोप तिथेच येतात.

अर्ज भरायला बसण्याआधी एक गोष्ट मात्र ठरवावीच लागते. पेय तिथल्या तिथे करून ग्लासात देणार, की बाटलीत भरून विकणार? पुढचं सगळं यावर अवलंबून असतं. पोर्टलवर व्यवसायाचा प्रकार निवडायचा असतो. बाटलीत भरून, लेबल लावून विकलंत की तुम्ही उत्पादक. मग घटकांची यादी, बॅच नंबर, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, नोंदणी क्रमांक हे सगळं लेबलवर आलं. समोर करून समोरच दिलंत तर तुम्ही खाद्यसेवा देणारे, चहा-नाश्त्याच्या छोट्या टपरीच्या गटातले.

मोठ्या जाऊबाईंचं मत बाटलीचं होतं. "अगं, सकाळी भरून ठेवलंस तर ऑफिसला जाताना लोक घेऊन जातील. संध्याकाळी कुठे उभी राहतेस?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून आधी फ्रीजमध्ये बाटल्या भरून ठेवून बघितल्या. मोसंबीचा रस काढल्या काढल्या अमृत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडू. हे सगळ्यांच्याच घरी होतं. रस निघाल्यावर त्यात लिमोनिन नावाचं कडवट द्रव्य हळूहळू तयार होत जातं. बिया आणि पांढरा पापुद्रा रसात चिरडला गेला असेल तर आणखी. कलिंगडाचं तासाभरातच खाली पाणी आणि वर गराचा थर असं झालं. अननसात दूध घातलेलं तर अर्ध्या तासात तोंडात घेववेना. न शिजवलेल्या अननसातलं ब्रोमेलेन नावाचं द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडू होते. पपईचंही तेच, तिच्यातल्या पपेनमुळे. अननस आधी शिजवून घेतला तर ही भानगड होत नाही, पण मग ताज्या फळाची चव कुठे राहिली? बाटलीत टिकवायचं तर उकळणं, साखर, प्रिझर्व्हेटिव्ह यांपैकी काहीतरी करावंच लागतं. मला ते करायचं नव्हतं. ग्लासच.

१२ मार्चला दुपारी एफएसएसएआयच्या त्याच पोर्टलवर, त्याचं नाव फॉस्कॉस, खातं उघडून अर्ज भरला. हा फॉर्म ए, छोट्या व्यावसायिकांचा. नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार, पाणी कुठून येतं, कामाला किती माणसं, असे प्रश्न आहेत. सोबत फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. जागा म्हणून मी घरचं स्वयंपाकघरच दिलं, कारण फळं धुणं, चिरणं, गार करणं घरीच होणार होतं. शुल्क एका वर्षाचंच भरलं. एक उन्हाळा करून बघू, जमलं तर पुढे वाढवू, असा हिशेब. पैसे भरल्यावर १७ अंकी अर्ज क्रमांक येतो, तो वहीत लिहून ठेवा. चौकशीला फोन केलात तर पहिला तोच विचारतात.

नियम असा आहे की अर्ज आल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची. तपासणी ठरली तर एकूण तीस दिवसांत निर्णय. मी रोज सकाळी चहा घेताना पोर्टल उघडायचे. २० मार्चला शेरा आला: आधारवर जुना पत्ता आहे, लाइट बिल दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आहे, तरी जागा वापरण्याचं संमतिपत्र जोडा. बिल यांच्या नावावर. म्हणजे नवऱ्याने बायकोला स्वतःच्याच घरातल्या स्वयंपाकघरात काम करायला लेखी परवानगी द्यायची! यांनी ते पत्र जरा जास्तच ऐटीत लिहिलं, खाली लफ्फेदार सहीही ठोकली. साध्या कागदावर चाललं, स्टँप पेपर मागितला नाही. २२ तारखेला अपलोड केलं. तुमचं बिल सासऱ्यांच्या, घरमालकाच्या, कुणाच्याही नावावर असेल तर हे पत्र सुरुवातीलाच जोडून टाका, तेवढाच आठवडा वाचेल.

मधल्या काळात पाणी तपासून घेतलं. लॅबवाल्यांनी निर्जंतुक बाटली दिली, ती नळाखाली धरायच्या आधी नळाचं तोंड पुसून पाणी थोडा वेळ वाहू द्यायला सांगितलं, आणि त्याच दिवशी नमुना आणून द्या म्हणाले. साधारण दीड हजार गेले. या सगळ्या प्रकरणातला हाच मोठा खर्च. हा अहवाल कमिटीने मागितला होता. अर्जासोबत माझ्याकडे तो कुणी मागितला नाही. आमच्या डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखलाही घेतला आणि टायफॉइडची लस टोचून घेतली. अन्न हाताळणाऱ्या माणसाने ते करावंच.

आता खरं काम, फळांचं. शुक्रवारी पहाटे मार्केट यार्डात जायचं. गुलटेकडीच्या त्या फळबाजारात पहिल्यांदा गेलात तर गांगरायला होतं. हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतात, भाव कुणी क्रेटचा सांगतं, कुणी किलोचा. मी कडेला उभी राहून आधी दोन-तीन गाळ्यांवरचा भाव नुसता ऐकायचे. कलिंगड निवडताना त्याचं बूड बघायचं. ज्या बाजूने ते जमिनीवर टेकलेलं असतं तिथला डाग पांढरट असेल तर कच्चं, लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलीवर पिकलेलं. टिचकी मारून मला आजवर काही कळलेलं नाही. कळल्यासारखं करणारे मात्र पुष्कळ भेटले.

घरी आणल्यावर कलिंगड कापायच्या आधी बाहेरून ब्रशने घासून धुवायचं. साल तर फेकायचीच आहे, मग धुवायची कशाला, असं वाटतं. पण सुरी सालीतून आत जाते आणि सालीवरची माती, जंतू थेट गरात नेते. कलिंगडाचं फळ जमिनीवर लोळूनच मोठं झालेलं असतं. हीच गोष्ट खरबुजाची, आणि त्याच्या सालीच्या जाळीत तर माती अडकूनच बसते.

माझं मूळ माप असं: एका ग्लासाला पाव किलो कलिंगडाच्या फोडी, सात-आठ पुदिन्याची पानं, अर्ध्या लिंबाचा रस, काळं मीठ चिमूटभर, भाजलेल्या जिऱ्याची पूड त्याहून कमी. पाणी नाही, साखर नाही. पण हे माप दर आठवड्याला हलतं. एखाद्या वेळी फळ पांचट निघतं, तेव्हा साखरेपेक्षा मिठाचा आणखी एक कण टाकून बघा, गोडी वर येते. लिंबू मात्र शेवटी, चाखून. मिक्सर सलग फिरवायचा नाही. पल्सवर दोनदा-तीनदा झटका द्यायचा, म्हणजे गराचं पाणी होतं आणि बिया अख्ख्या राहतात, गाळणीत वर उरतात. सलग फिरवलंत की बिया फुटतात, रंग मळकट गुलाबी होतो आणि घशात एक तुरटपणा राहतो.

बर्फाचा मी सगळ्यात जास्त विचार केला. विकतच्या बर्फाचा भरवसा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम आहे, त्यामुळे निळसर लादी दिसली तर ती मासे-भाजी गार ठेवायची, ग्लासात घालायची नाही, एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवावं. शिवाय बर्फाने पेय पातळ होतं आणि घरगुती मिक्सरचं पातं आणि भांडं मोटरला जोडणारा कपलर दोन्ही झिजतात. यावर उपाय म्हणजे फळच गोठवणं. निम्म्या फोडी ताटात सुट्या सुट्या पसरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या, कडक झाल्या की पिशवीत भरायच्या. एकदम पिशवीत कोंबल्या तर त्यांचा एकच धोंडा होतो आणि मग बत्ता घेऊन बसावं लागतं. निम्म्या ताज्या, निम्म्या गोठवलेल्या फोडी फिरवल्या की पेय दाट, गार, आणि पाण्याचा थेंब नाही. गोठवलेल्या फोडी दहा मिनिटं बाहेर ठेवून मगच मिक्सरला लावा.

मिक्सर घरचाच, ७५० वॉटचा. तो सलग पाच मिनिटांवर चालवायचा नाही, मध्ये विश्रांती द्यायची, हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. गर्दीच्या वेळी मिक्सर अचानक गप्प झाला तर घाबरू नका. खालच्या बाजूला एक लाल बटण असतं, भार वाढला की ते आपोआप बाहेर येतं. प्लग काढायचा, थोडा वेळ थंड होऊ द्यायचं, बटण दाबायचं. मी नंतर जास्तीचं एक भांडं घेतलं, नऊशेला पडलं. एक धुवायला, एक चालू. कलिंगडाच्या भांड्यात तसाच पेरू फिरवला तर दोन्हींची चव जाते.

पेरूबद्दल सांगायचं तर, आतून गुलाबी असलेला, हाताला नुकता मऊ लागणारा घ्यायचा. थोडं पाणी घालूनच फिरवावा लागतो, आणि गाळणं सक्तीचं. लाल तिखट वरून ग्लासच्या कडेला लावायचं. मार्च संपता संपता मनासारखा पेरू मिळेना, म्हणून त्याच्या जागी अननस-आलं आणलं, बिनदुधाचं. हापूसच्या नादी लागले नाही. त्या भावाने चाळीस रुपयांत ग्लास बसत नाही, आणि सोसायटीत कोकणातली चार घरं आहेत, ती आंब्याला नावं ठेवायला टपलेली.

एप्रिल उजाडला तरी पोर्टलवर काही हलेना. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस, पुण्याचं मतदान १३ मेला. ओळखीचे जे जे सरकारी नोकरीत होते ते सगळे प्रशिक्षण आणि याद्यांमध्ये अडकलेले, तेव्हा इथेही तसंच काही असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. पाडव्याला, ९ एप्रिलला, टेबल लावायची इच्छा होती ती राहून गेली. सात दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर व्यवसाय सुरू करता येतो अशी तरतूद नियमांत आहे, पण माझ्या अर्जावर शेरा येऊन गेला होता आणि कमिटीला हातात कागद हवा होता. वाट बघणं आलं.

१२ एप्रिलला सकाळी फोन आला, दुपारी अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम येऊन गेल्या. मी सकाळपासून ओटा तीनदा पुसला होता. त्यांनी ओट्याकडे बघितलंही नाही. पहिल्यांदा कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का ते पाहिलं, मग पिण्याचं पाणी कशात साठवता, फळांची सुरी आणि फळी वेगळी आहे का, फ्रीजरमध्ये फळांच्या शेजारी मटण-मासळी ठेवता का. फ्रीजमधलं तापमान विचारलं. गार पदार्थ ५ अंशांच्या खाली हवेत. माझ्याकडे थर्मामीटर नव्हता. दोनशेचा एक मिळतो, ग्लासभर पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे खरा आकडा कळेल, असं त्यांनीच सांगितलं. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, बाटल्या नाही ना विकणार?" मी नाही म्हटलं. "मग ठीक आहे. बाटलीचा विचार आलाच तर आधी नोंदणीत बदल करून घ्या, मग भरा." चहा घेतला नाही, पाणी मात्र घेतलं.

१८ एप्रिलला नोंदणी प्रमाणपत्र पोर्टलवर आलं. १४ अंकी क्रमांक, २ ने सुरू होणारा. परवान्याचा असतो तो १ ने सुरू होतो. मुदतीची तारीख छापलेली होती. तेव्हाच्या नियमाने नूतनीकरणाचा अर्ज त्या तारखेच्या तीस दिवस आधीपर्यंत करावा लागायचा, नाहीतर पुढे रोजचे १०० रुपये उशिराचं शुल्क होतं, म्हणजे एका दिवसाच्या आळसात वर्षाची फी गेली. मी फोनमध्ये दोन महिने आधीची आठवण लावून ठेवली होती. प्रमाणपत्राची रंगीत प्रत टेबलावर दिसेल अशी लावायची असते.

शनिवारी, २० एप्रिलला, संध्याकाळी साडेपाचला टेबल लागलं. प्लॅस्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत. कागदी स्ट्रॉ आणल्या, पण दाट पेयात त्या पाच मिनिटांत लिबलिबीत होतात. पुढच्या आठवड्यापासून स्ट्रॉ काढूनच टाकली आणि स्वतःचा ग्लास घेऊन येणाऱ्याला पाच रुपये कमी, असं लिहिलं. मुलं घरून स्टीलचे भलेमोठे पेले घेऊन यायला लागली. माप माझ्याच डावाने, हे सांगताना घसा दुखला.

हिशेब लपवण्यासारखा नाही. शंभर रुपये नोंदणी, दीड हजार पाणी, नऊशेचं भांडं, गाळण्या, झाकणाचा डबा, थर्मामीटर, डॉक्टर, लस धरून सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसलं. कलिंगड घेताना पूर्ण वजनाचे पैसे मोजतो, पण साल आणि बिया जाऊन हाती गर साधारण साठ टक्के लागतो. ग्लासचा भाव ठरवताना हे धरा. लिंबू एप्रिलमध्ये इतकं महागलं की काही आठवडे नफा तिथेच गेला. मेअखेर घातलेले पैसे निघून वर थोडे उरले, माझी मजुरी न धरता. यूपीआयसाठी वेगळं खातं उघडायला गेले तर बँकेत उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मागितली. ती आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि पूर्ण मोफत आहे. तिचेही पैसे घेणाऱ्या साइट आहेत, तेव्हा पत्ता सरकारी आहे ना ते बघूनच माहिती भरा.

जाऊबाई अजूनही बाटलीचं विचारतात. त्यांना मी फॉर्म दाखवला: दिवसाला १०० लिटरपर्यंतच्या छोट्या उत्पादकाला तेव्हा नोंदणीच चालत होती, शुल्कही तेवढंच होतं. त्यांच्या हातचं कोकमाचं आगळ वर्षभर टिकतं, लेबल लावून विकायला तेच योग्य आहे. फोटो आणि आधार त्यांनी काढून ठेवलंय, लाइट बिल भाऊजींच्या नावावर आहे, संमतिपत्राचा मसुदा यांच्याकडे तयारच आहे.